द्यूत आणि चिंचोके

आपल्या साहित्यविचारात जुगारी येतो तो बहुधा हरण्यासाठीच. ऋग्वेदाच्या अक्षसूक्तातला, महाभारतातला युधिष्ठिर, 'मृच्छकटिका'तला कर्जबाजारी संवाहक. (संवाहक त्यातला भाग्यवान, त्याचे ऋण वसंतसेनेने फेडले.)

कर्जतला (रायगडच्या नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या) एका घरी रविवारी दुपारी नेहमीचे सात गडी पोकरची स्पर्धा मांडतात, तेथे ही परंपरा मला अपुरी वाटली. सर्वांना सारखेच चिंचोके. हातात दोन पाने, मधे पाच उघडी. डावाआधी सक्तीने लावायचे चिंचोके ठराविक वेळाने वाढवतात, त्यामुळे कोणीतरी बाद होतोच. माझे लक्ष या बाद झालेल्या गड्याकडे होते. तो घरी जात नाही. चहा टाकतो, दुसऱ्याच्या पाठीशी बसतो, त्याची हूल पाहतो आणि गप्प राहतो. कौरवसभेतले वडीलधारेही बहुतेक गप्पच होते. पण तेथे मौन हा अपराध होता, येथे तो परस्परांवरचा विश्वास आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवून तीन पत्तीपासून वेगळा काढला. आपल्या समीक्षेला एवढाही भेद करावासा वाटलेला नाही; पत्ते दिसले की तिला द्रौपदी आठवते. चिंचोक्यांच्या जागी नोटा आल्या तर सभा दूर नाही, हे मान्य. पण त्या भीतीपोटी कथाकाराने ही दुपार लिहूच नये काय? सहाच्या सुमारास चिंचोके बरणीत परत जातात. जिंकलेला गडीही पुढच्या रविवारी इतरांइतकेच मोजून घेतो.