भुयाराची नोंद झाली, रानाची कधी?

पावसाळ्यात राजघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहा. तापी गढूळ, जड होऊन येते आणि पात्रातल्या दगडी हत्तीला धडका देत पुढे जाते. त्यातली माती कुठली, हे बुऱ्हाणपुरात कुणी विचारत नाही. वरची रानं तुटली, टेकड्या उघड्या पडल्या, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

याच शहराच्या उत्तरेला कुंडी भंडारा आहे. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तब्कुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्यात मुरलेले पाणी भुयारांतून आणि विहिरींच्या माळेतून शहरात आणले. चारशे वर्षांनंतरही तिथे पाणी आहे. 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले, याचा मला अभिमान वाटतो. पण भुयार फक्त पाणी वाहून नेते, ते देतो डोंगर. डोंगरात पाणी मुरते ते झाडांच्या मुळांमुळे आणि जमिनीवर पडून कुजणाऱ्या पाल्यामुळे. भुयाराची नोंद करणाऱ्या या देशाने ते रान राखणाऱ्या माणसांची नोंद कोणत्या वहीत केली आहे?

वह्या दोन आहेत. पहिलीत राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि इतर संरक्षित क्षेत्रे येतात. देशाच्या भूमीपैकी ती पाच टक्क्यांच्या आसपास भरतात. दुसरी वही भारतीय वन सर्वेक्षणाची. तिच्यात एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा आणि त्यावर दहा टक्के झाडांची सावली एवढे असले की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कोणते, जमीन कशासाठी वापरतात, यातले काही विचारायचे नाही. म्हणजे आमराईही त्यात, निलगिरीची लागवडही त्यात आणि मेळघाटचे सागवानही त्यात. 1988 च्या वनधोरणाने सांगितलेले 33 टक्के गाठण्यासाठी ही बेरीज दर खेपेला मांडली जाते. या रानाची राखण कोण करतो, असा रकाना दोन्ही वह्यांत नाही. हा रकाना नसणे ही चूक नव्हे, हा अन्याय आहे.

बुऱ्हाणपूरचेच पाहा. हा जिल्हा मेळघाट आणि यावल यांच्या मधोमध पडतो. पूर्वेकडचा वाघ पश्चिमेला सरकायचा तर त्याला सातपुड्याच्या याच रांगा ओलांडाव्या लागतात. इथले जंगल सरकारी आहे. बीट आहे, नाका आहे, पहारेकरी आहे, सगळे कागद सरकारच्या नावाचे आहेत. तरीही 2022-23 मध्ये नेपानगरच्या बाजूला डोंगरच्या डोंगर बोडके झाले. एप्रिल 2023 मध्ये तर जमावाने नेपानगरच्या पोलीस ठाण्यावर हल्ला करून कोठडीतले आरोपी सोडवून नेले. या तोडीविरुद्ध ओरड कुणी केली? जिल्ह्यातल्याच आदिवासींनी. ‘आमचे जंगल वाचवा’ म्हणत ते रस्त्यावर उतरले. ज्यांना आपण जंगलाचे शत्रू समजत आलो, तेच पहाऱ्याची मागणी करत होते.

आणि आपण शहरातली लिहिणारी माणसे फार साळसूदपणा करू नये. 1956 मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झालेली नेपानगरची कागद गिरणी इथल्या सलईवर आणि बांबूवर चालली. देशाची वर्तमानपत्रे या रानाच्या कागदावर छापली गेली.

आता ज्यांनी राखले त्यांच्याकडे वळतो. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून चारशे हेक्टरांहून अधिक जंगल पुन्हा उभे केले. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये आपला बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात आले. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने उजाड टेकड्यांवर झाडे वाढवली आणि सीताफळ विकून घर चालवले.

माझ्या मते या सगळ्यांत मोठा निर्णय मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा. 2012 मध्ये त्यांना हजारभर हेक्टरांचा हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. हातावर पोट असणाऱ्या घरात त्याची किंमत काय, हे सांगायला नको. पण तेंदूसाठी झाडे छाटतात, नवे फुटवे यावेत म्हणून रानाला आग लावतात. पाचगावच्या ग्रामसभेने बसून विचार केला आणि तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. वर काही हेक्टर रान असे ठरवून सोडले की तिथे कुणी काही तोडायचे नाही. हातातला पैसा गावाने स्वतःहून सोडला. आणि गाववाले संधी मिळताच जंगल विकून खातील, असे म्हणणारे लोक अजून सभांतून बोलतात. त्यांनी एकदा पाचगावला जाऊन यावे.

डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी ठरवले की 2030 पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा 30 टक्के भाग जपायचा. अभयारण्याबाहेर चांगली राखलेली जागाही त्यात मोजायची सोय आहे. भारतात अशा जागेचा पहिला मान 2022 मध्ये गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानाला मिळाला. खाणीने खरवडलेल्या जमिनीवर तिथल्या नागरिकांनी रान उभे केले, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या रान राखणारी गावे असताना सुरुवात राजधानीच्या शेजारच्या शहरातून व्हावी, हे मला बोचते.

वन्यजीव कायद्यातले ‘समुदाय राखीव’ हे घर या गावांसाठी नाही. ते खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी आहे, आणि सामूहिक वनहक्काचे बहुतेक रान महसुली कागदावर सरकारी वनजमीन म्हणूनच राहते. वाट वनहक्क कायद्यातच आहे. 2006 च्या त्या कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. 2012 च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने व्यवस्थापन आराखडा करायचा आणि तो वन विभागाच्या कार्य आयोजनेत सामील करून घ्यायचा. नवा कायदा नको, नवे मंडळ नको. जो नियम आहे तो पाळा आणि अशा रानाला गावाच्या नावासह राष्ट्रीय नकाशावर आणा.

सगळ्याच ग्रामसभा सारख्या नाहीत, हे मी कबूल करतो. हक्काचा कागद मिळाला आणि रान तसेच उजाड राहिले, असेही होते. म्हणून कसोटी लावाच. जाळरेषा काढल्या का, वणवा लागला तेव्हा कोण धावले, नवे फुटवे किती जगले, दंडाची वही ग्रामसभेत वाचली जाते का, हे सगळे तपासा. दर पाच वर्षांनी पुन्हा तपासा आणि राखले नसेल तर नाव काढून टाका. पण मग हीच फूटपट्टी वन विभागाच्या प्रत्येक बीटला लावा. नेपानगरसारखे डोंगर बोडके झाले तर तिथलेही नाव काढा आणि जबाबदार कोण ते जाहीर करा. गावाने परीक्षा द्यायची आणि खात्याने फक्त परीक्षक व्हायचे, हे आता चालणार नाही.

मान्यतेच्या नावाखाली ताबा काढून घेणेही चालणार नाही. फलक लागला, कुंपण आले, मोहफूल वेचायला परवानगी मागावी लागली, तर गावे असल्या मानाला लांबूनच नमस्कार करतील आणि ते योग्यच ठरेल. नकाशावर रान येताना गावाचा एकही हक्क कमी होता कामा नये, हे त्याच कागदावर लिहून हवे.

जळगाव, बुलढाणा, अमरावती आणि बुऱ्हाणपूरच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावाच्या शिवेला जंगल असेल तर येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: आपला व्यवस्थापन आराखडा वन विभागाच्या कार्य आयोजनेत सामील झाला आहे का, हे विभागीय वन अधिकाऱ्याने लेखी कळवावे. आराखडाच नसेल तर तो त्याच सभेत करायला घ्या, आणि दावा अडकला असेल तर त्याची तारीख मागा. ठरावाची पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नका.