दाबलं म्हणजे झालं?

"जोर लावून दाब, झालं काम!" हे वाक्य वर्कशॉपपासून हॉस्टेलच्या रूमपर्यंत रोज ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. क्रिंपिंगमध्ये जोरापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा.

याचं सगळ्यात कडक उदाहरण म्हणजे पिस्तुलाचं काडतूस. परवान्याशिवाय काडतुसं भरणं आपल्याकडे गुन्हा आहे. ते काम 1869 साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी होतं. 9 मिमी काडतुसात पितळी नळीचं तोंड गोळीवर हलकंसं आवळतात. ढिलं राहिलं तर काडतूस चेंबरमध्ये चढताना गोळी आत सरकते आणि उडवताना दाब धोकादायक वाढतो. जास्त आवळलं तर काडतूस चेंबरमध्ये नीट टेकत नाही, कारण ते नळीच्या तोंडावरच टेकतं. आता गंमत बघा. डाय तीच, हात तोच, पण नळ्यांची लांबी कमी-जास्त असेल तर प्रत्येक क्रिंप वेगळा येतो. म्हणजे दोष दाबण्यात नाही, त्याआधीच्या मापात!

तुम्ही म्हणाल, आपला पिस्तुलाशी काय संबंध? अहो, नांदेड-लातूरकडच्या शेतातला मोटारीचा स्टार्टर उघडून बघा. आमच्या चुलत्यांच्या बोअरवर ऐन हरभऱ्याच्या पाण्यात केबलचा लग जळाला. 2.5 चौरस मिमीच्या वायरला 4 चा लग, तोही पकडीने चेपलेला. सगळा दोष मात्र व्होल्टेजवर!

गणित सोपं आहे. 5 एचपीची थ्री-फेज मोटार साधारण 7.5 अँपिअर घेते. ढिल्या क्रिंपचा रोध 0.02 ओहम धरला, तर तिथे जेमतेम 1.1 वॅट उष्णता. पण मोटार थेट सुरू होताना करंट सहापट होतो, म्हणजे उष्णता छत्तीसपट. काही क्षण 40 वॅट, नखाएवढ्या लगमध्ये! दर वेळी लाइट आली की हाच मार. शेवटी एक फेज तुटते आणि वाइंडिंग जातं. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे आठ दिवस मोटार बंद म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझी सूचना आहे. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येकाने दहा लग क्रिंप करावेत. वायर मोजून सोलायची, एकही तार कापायची नाही, लग वायरच्या मापाचाच, आणि पकडीऐवजी रॅचेटचं क्रिंपर, जे पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही. मग स्प्रिंग बॅलन्स लावून दहाही ओढून बघायचे. मार्क सरासरीवर देऊ नका, सर. दहातल्या सगळ्यात कच्च्या जोडावर द्या. शेतातली मोटार जळते ती त्याच जोडापाशी. खर्च किरकोळ आहे, आणि जर्नल उतरवण्यापेक्षा यात पोरं नक्कीच जास्त शिकतील.