विसरणाऱ्यांचा दवाखाना कोठे आहे?

कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावात म्हातारे माणूस विसरू लागले, तर त्याला कोणी आजार म्हणत नाही. ‘म्हातारचळ’ हा शब्द तयार असतो आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्याच्या पाठीशी उभी असते. आत्ताच जेवून उठलेली सासू पुन्हा ताट मागते, सून उपाशी ठेवते असे शेजारी सांगून येते, दिवेलागणीला ‘मला माझ्या घरी न्या’ म्हणत उंबरठा ओलांडते. घरात आधी भांडणे होतात, मग कोणी अंगारा आणतो. दवाखान्याचा विचार येतो तो म्हातारी पडून हाड मोडल्यावर, नाही तर रात्रभर मक्याच्या शेतात तिला शोधल्यावर.

अल्झायमर हा शहरातल्या सुखवस्तू, एकट्या पडलेल्या वृद्धांचा रोग, अशी समजूत सुशिक्षितांतही आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने ती खोडून काढली. साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना, स्मृतिभ्रंश असल्याचा तिचा अंदाज आहे. (अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार.) हे प्रमाण शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळले. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असेही तीत म्हटले आहे. थोडक्यात, रुग्ण पिशोरला आहेत आणि मेंदूचे डॉक्टर शहरात.

मग पिशोरच्या माणसाने जायचे कोठे? पहिले उत्तर छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ रुग्णालय हेच. मराठवाड्यातल्या गरिबाचा तो शेवटचा आधार आहे आणि तेथे मनोविकार विभाग आहे. तेथपर्यंत एकदा तरी जाणे आवश्यकच. याचे कारण असे की विसरण्यामागे दरवेळी अल्झायमर असतोच असे नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडची मंदी, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, कधी झोपेच्या गोळ्यासुद्धा तशीच लक्षणे दाखवतात, आणि यातले बरेचसे दुरुस्त होण्याजोगे असते. वर्षानुवर्षे ‘चळ’ म्हणून सोडून दिलेल्यांत असे किती जण असतील?

तपासणीचीही एक गंमत आहे. जगभर चालणारी स्मरणाची चाचणी १९७५ साली शिकलेल्या माणसांसाठी तयार झाली. आजची तारीख सांगा, वाक्य लिहा, आकृती काढा. जी बाई शाळेची पायरी चढली नाही ती यात नापास होणारच. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी वेगळी हिंदी चाचणी बेतण्यात आली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या म्हातारीला तारखेपेक्षा बाजाराचा वार विचारावा, हे समजायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. जिल्ह्याचे नाव विचारल्यावर तिने ‘औरंगाबाद’ म्हटले तर गुण कापायचे का, हेही एकदा ठरवून टाकायला हवे!

औषधांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. डोनेपेझिल १९९६ पासून वापरात आहे, मेमँटिन त्यानंतर आले. दोन्हींनी काही रुग्णांत काही काळ उतार पडतो. रोग थांबत नाही. अमेरिकेने २०२३ साली पूर्ण मान्यता दिलेल्या लेकानेमॅबचा मोठा गाजावाजा झाला. चाचणीत अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, तोही अगदी सुरुवातीच्या रुग्णांत. दर पंधरवड्याला शिरेतून औषध, मेंदूत सूज वा रक्तस्राव होतो का ते पाहायला वारंवार एमआरआय आणि वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर, असा तो मामला आहे. अद्रकाचा भाव पडला की वर्षाचे गणित कोसळणाऱ्या घराला त्याचा उपयोग काय?

उपयोगाची गोष्ट शेजारच्या गोव्यात घडून गेली आहे. तेथे दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक, बेताच्या शिकलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी सहा महिने घरोघरी जायचे. आजार काय आहे ते समजावायचे, आंघोळ-जेवणाच्या हट्टाला कसे तोंड द्यावे ते सांगायचे, सरकारी योजनांची वाट दाखवायची. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ पाठीशी. परिणाम? रुग्णाच्या वागण्यात पडलेला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. पण सांभाळणाऱ्याचा मानसिक ताण निश्चितपणे कमी झाला. हा निष्कर्ष किरकोळ मानू नये. या रोगात दोन माणसे झिजतात, आणि दुसरे माणूस बहुधा घरची सून किंवा बायको असते. ‘अस्तु’ चित्रपटात हत्तीमागे निघून गेलेल्या शास्त्रींना माहुताची बायको सांभाळते. खऱ्या आयुष्यात असा आसरा नशिबानेच भेटतो.

गोव्यात झाले ते पिशोरला व्हायला नवी इमारत लागत नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात साठीपुढच्यांना विचारायचा एक प्रश्न असा आहे : जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? म्हणजे सरकारने विचारायचे ठरवले आहे. ‘हो’ म्हटल्यावर पुढे काय, तेथे साखळी तुटते. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर आणि वृद्धांसाठीच्या १४५६७ वर सल्ला मिळतो, तो घ्यावाच; पण फोन रुग्णाला आंघोळ घालत नाही. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून मिळालेले पाच लाखांचे आरोग्य-संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे आणि हा रोग तर सारा घरातच भोगायचा. सुनेने मजुरी बुडवून आठ-दहा वर्षे काढलेल्या खस्ता कोणत्या योजनेत बसतात? केरळने २०१४ साली ‘स्मृतिपथम्’ नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, त्यात रुग्णांना दिवसभर ठेवून घेणारी केंद्रे धरली होती. महाराष्ट्राला निदान तालुक्याच्या गावी असे एक केंद्र जड जाऊ नये.

हे काम आशाताईंवर टाकायचे तर मात्र मोबदल्याचे आधी बोलावे लागेल. २०२३ अखेर आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला त्या मानधनासाठीच संपावर गेल्या होत्या. पंधरवड्यातून एकदा घरी जाऊन तासभर बसणे हे रजिस्टर भरताना जाता जाता उरकण्याचे काम नाही. त्याचा वेगळा दर ठरवूनच ते मागावे.