फलाटाखालचा लाकडाचा रस्ता

चेन्नईत तिरुवल्लिकेणी स्टेशनवर कधी उतरलात, तर जरा खाली डोकावून बघा. काळं पाणी, कचरा, वास. तुम्ही नाक दाबून पुढे जाल. मीही आधी तेच करायचे. पण एके काळी या शहराच्या चुली या पाण्याच्या जिवावर पेटायच्या.

हा बकिंगहॅम कालवा. इथला किनारा सपाट आहे. कूवम, अड्यार अशा नद्या वेगवेगळ्या समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखाशी लाटा वाळूचा बांध घालतात. त्यामुळे किनाऱ्याला समांतर कालवा खणून नद्या आणि खाड्या जोडल्या गेल्या. सुरुवात १८०६ साली एन्नोरच्या बाजूने झाली. कूवम ते अड्यार हा सुमारे ८ किलोमीटरचा तुकडा १८७७-७८ च्या दुष्काळात उपाशी माणसांकडून खणून घेतला. तिरुवल्लिकेणीतला कालवा तो हाच. घाम त्यांचा आणि नाव गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅमचं!

होड्यांतून मीठ यायचं, धान्य यायचं आणि यायचं ते सरपण. अलिबागच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन आठवतंय? तेच झाड, तमिळमध्ये 'सवुक्कु'. वाळूत भराभर वाढतं आणि जळताना धग भरपूर देतं. १८५६ साली इथे रेल्वे आली, तिची इंजिनंही लाकूडच खायची. जंगलं उतरू लागली, तेव्हा किनाऱ्यालगत मुद्दाम सुरू लावले गेले.

उत्तरेकडच्या श्रीहरिकोटा बेटावरूनही जळाऊ लाकूड कालव्याने चेन्नईत यायचं. हो, तेच श्रीहरिकोटा! १९६९ मध्ये रॉकेट उडवण्यासाठी ते निवडलं गेलं. त्याआधी ते शहराचं सरपणाचं कोठार होतं.

पुढे ट्रक आले, गॅस आला. १९६५-६६ आणि १९७६ च्या वादळांनी कालव्याची मोडतोड केली, शहराने त्यात सांडपाणी सोडलं. १९९० च्या दशकात तर रेल्वेचे खांबच पात्रात उभे राहिले. पात्र अरुंद झालं, गाळ साचला. तरीही २००४ च्या त्सुनामीत समुद्राचं बरंचसं पाणी याच कालव्याने पोटात घेतलं होतं.

आमच्या गल्लीतल्या एक पाट्टी, म्हणजे आजी, लहानपणी वखारीतून सवुक्कुच्या मोळ्या आणायच्या. ओलं लाकूड गळ्यात मारलं की घरी बोलणी बसायची. अजूनही गाडी कालव्यावरून जाताना त्या खिडकीशीच बसतात.