गणित घेऊन पुढे काय?
परळ-लालबागच्या चाळीत कुणी बीएस्सीला गणित घेतलं, की शेजारचे काका हमखास विचारतात, "म्हणजे मास्तरकीच ना?" मास्तरकीत वाईट काय, हे काका सांगत नाहीत. मला अशा वेळी दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. १९०७ साली गोव्यात जन्मलेले हे गणिती १९४५पासून मुंबईत टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. राहायचे पुण्यात, यायचे डेक्कन क्वीननं. त्यांनी प्राचीन आहत (म्हणजे ठसे मारलेली) नाणी चक्क तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, सरासरी वजन घटतं, वजनांतली तफावत वाढते. या संख्याशास्त्रावर त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावला. (इतिहासकार मंडळींना हा पाहुणा पचायला जडच गेला असणार.) जनुकांमधली अंतरं काढण्याचं त्यांचं सूत्र तर आजही वापरात आहे. नोकरीचंच म्हणाल, तर विमा कंपन्यांना ॲक्च्युअरी लागतात: माणसं सरासरी किती जगतील याच्या हिशेबावर हप्ते ठरवणारे. परीक्षा चिवट, वर्षं खाणाऱ्या. पगार मात्र काकांनाही पटेल असा. बँका, शेअर बाजार, सॉफ्टवेअर आहेच. तिकडे जायचं तर पदवी करतानाच संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकून घ्यावं, कॉलेज शिकवो न शिकवो.