उष्णता नव्हे, खोली विचारा

प्लॅनिंग बोर्डाचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,



केयुगा सरोवराच्या काठावरच्या एका घराचा हीट पंपाचा अर्ज तुमच्यापुढे आहे. सरोवरातून पाणी उचलायचं, उष्णतेची देवाणघेवाण करायची आणि पाणी परत सरोवरात सोडायचं. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कचेरीत दिली आहे. ही इथल्या मराठी शेजाऱ्यांसाठी.

मागच्या बैठकीत सगळे एकाच प्रश्नावर भांडले: सरोवर तापेल का? नाही तापणार. चार टनांचा पंप भर उन्हाळ्यात फार तर १७ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. दुपारचं ऊन वीसेक चौरस मीटर पाण्यावर तेवढी ऊर्जा ओततं, आणि हे सरोवर १७० चौरस किलोमीटरांचं आहे. सरोवराच्या पृष्ठभागाचं तापमान ३ अंश फॅरनहाइटहून जास्त वाढवायचं नाही, हा न्यूयॉर्क राज्याचा नियम एका घराच्या हातून मोडणं अवघडच. प्रोपेन जाळण्यापेक्षा हे बरं, असंच माझं मत आहे.

पण पाणी कुठून उचलणार आणि कुठे सोडणार, हे कुणीच विचारलं नाही. उन्हाळ्यात केयुगाचे थर पडतात: वर कोमट, खाली चार-पाच अंश सेल्सिअसचं गार पाणी. वरच्या थरातला विरघळलेला फॉस्फरस शेवाळ खाऊन टाकतं, खालचा तसाच राहतो. ते खालचं पाणी काठाजवळच्या उथळ भागात सोडलं, तर शेवाळाला आयतं खत मिळतं. कॉर्नेल विद्यापीठाने २००० साली सुमारे २५० फूट खोलीवरचं पाणी आणून इमारती थंड करायला सुरुवात केली. विजेची प्रचंड बचत झाली, तरी दक्षिण टोकाला सोडलेल्या पाण्यातल्या फॉस्फरसवरून वाद पेटला, आणि २०१३ च्या परवान्यात राज्याच्या पर्यावरण खात्याला सरोवराच्या अभ्यासाची अट घालावी लागली. एका घराचं पाणी त्यापुढे नगण्य आहे. मात्र तुम्ही आज जी अट घालाल किंवा घालणार नाही, तीच पुढच्या पन्नास घरांचे वकील तुमच्यासमोर नाचवतील.

दुसरं, शिंपले. झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांनी इथल्या किती पाइपांची तोंडं बुजवली, हे काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. मग लोक क्लोरीन ओततात. अर्जदार पाइप कसा साफ करणार, हे लेखी घ्या. रसायन वापरलं तर ते थेट सरोवरात जाणार.

आणि हिवाळा? उथळ पाणी तेव्हा दोन अंशांवर येतं. त्यातून तीन अंश काढले तर यंत्रातच बर्फ होईल. म्हणजे थंडीत बहुधा विजेच्या हीटरवरच घर चालणार, आणि अर्जातले बचतीचे आकडे तेवढे खाली येणार.

बंद नळ्यांची वेटोळी तळाशी टाकली, तर पाणी उचलणं-सोडणं हा प्रश्नच उरत नाही. नळी फुटली तर आतलं अँटिफ्रीझ बाहेर येईल, म्हणून मिथेनॉलऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉलची अट असावी. हा पर्याय अर्जदाराने का नाकारला, याचं एक ओळीचंही स्पष्टीकरण कागदपत्रांत नाही.

नकाशावर पाणी उचलण्याची खोली लिहिलेली आहे, सोडण्याची नाही. ती येईपर्यंत सुनावणी बंद करू नये, ही विनंती.

आपला,
काठावरचा एक रहिवासी