कोरडा बनियन

आम्हा नगरकरांची डोंगराशी ओळख चांदबिबीच्या महालापाशी संपते. तो महालही चांदबिबीचा नव्हे, सलाबतखानाची कबर आहे, पण ते असो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्यात आहे, एवढं भूगोलाच्या पेपरात लिहून मार्क मिळवले की आपण मोकळे. कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, तालुका अकोले. जिल्हा राज्यात सर्वांत मोठा असल्याने पायथ्याच्या बारी गावाला नाशिक जवळ आणि नगर लांब. इकडे पाथर्डी-जामखेडात टँकरची वाट बघायची आणि तिकडे भाताची खाचरं. दोन्ही एकाच कलेक्टरच्या हाताखाली, हे राजूर मागे पडल्याशिवाय पटत नाही.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर आयुष्यातलं पहिलं शिखर चढायचं, तेही जानेवारीत आणि पहाटेच्या अंधारात, ही कल्पना भाचीची. बारीत गाडीतून उतरलो तेव्हा दातावर दात आपटत होते. कानटोपी, स्वेटर, वरून जॅकेट असा जामानिमा करून मी तयार झालो. वाटाड्या म्हणून आलेल्या पोराने विजेरी माझ्यावर मारली आणि म्हणाला, “काका, आत्ता स्वेटर काढा. वर गेल्यावर घाला.”

मला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. भाचीनेही तेच सांगितलं, “मामा, ऐक त्याचं.” ऐकलं.

त्याचं म्हणणं किती शास्त्रशुद्ध होतं ते पुढे कळलं. थंड हवा जड असते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री ती डोंगराच्या उतारावरून ओघळत दरीत येऊन साचते. म्हणून पायथ्याच्या गावात हुडहुडी भरते आणि अर्धा डोंगर चढल्यावर उबदार वाटतं. त्यातच आपला चढ आठ-नऊशे मीटरचा. अंग तापतं, पाठीवरून घाम निथळतो. सुती बनियन तो घाम पिऊन बसतो. मग माथ्याजवळ वारा सुरू होतो आणि ओल्या कापडातून अंगातली ऊब भराभर निघून जाते. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून आपण थंडीला हसतो. पण माणूस गारठायला बर्फ लागत नाही, ओला बनियन आणि वारा पुरतो.

लोखंडी शिड्यांपाशी हे नीट समजतं. शिड्या उभ्या कातळाला लावलेल्या, पहाटे गजाला हात लावला तर तळव्याला चटका बसावा इतक्या गार. खाली बघायची भीती अंधाराने परस्पर मिटवली होती. खरी परीक्षा शिडी चढण्याची नव्हती, शिडीखाली थांबण्याची होती. शनिवार-रविवारी इथे रांग लागते. घामेजल्या अंगाने रांगेत ताटकळलं की काकडायला पाच मिनिटं पुष्कळ. पुढचा गडी मधल्याच पायरीवर फोटोसाठी थांबला होता, त्याच्याविषयी मी काय बोललो ते छापण्याजोगं नाही. २०२१च्या जानेवारीत दहा नेपाळी गड्यांनी के-टूवर हिवाळ्यातलं पहिलं पाऊल ठेवलं. त्यांच्या ८,६११ मीटरपुढे आमची कळसूबाई म्हणजे अंगण. पण घामाचा नियम तिथेही हाच.

माथ्यावर शेंदरी देवीचं इवलंसं देऊळ आहे. आख्यायिका अशी, की कळसू नावाची कोळ्याची पोर कुणाकडे कामाला राहिली. भांडी घासणार नाही, झाडलोट करणार नाही, ही तिची अट. एक दिवस नेमकी तीच कामं तिला सांगितली गेली. तिने ती केली आणि सरळ डोंगर गाठला, परत आली नाही. अट मोडली म्हणून चाकरी सोडणारी देवी मला फार आवडली. नवरात्रात तिची जत्रा भरते तेव्हा आसपासच्या गावांतल्या बाया साध्या चपला घालून वर येतात. माझे नवे कोरे बूट तिथे जरा लाजलेच.

आडोशाला उभं राहून मी ओला बनियन काढला, सॅकमधला कोरडा घातला, मग तो पायथ्याचा स्वेटर. एवढं सुख मला कुठल्या स्वेटरने दिलेलं नाही. सूर्य आला तेव्हा भंडारदऱ्याचं पाणी, रतनगड, अलंग-मदन-कुलंगची रांग दिसली. बाजूला चिप्सची रिकामी पाकिटंही दिसली, त्याबद्दल न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल.

तर या हिवाळ्यात जाणार असाल, तर सुट्टीचा वार टाळा. चढताना अंगावर कमी आणि सॅकमध्ये जास्त कपडे ठेवा, एक बनियन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या आणि ती पिशवी खाली घेऊन या. बारीतला वाटाड्या घ्या, त्याचं ऐका आणि निघतानाच जेवणाचं सांगून ठेवा. नागलीची भाकरी ऐनवेळी मिळत नाही.